मे महिन्यातला कोट

रेवसच्या धक्क्यावर आम्ही लाँचची वाट पाहत उभे होतो तेव्हा मे महिन्याची दुपार होती आणि माझ्या अंगात कोट होता. गडद निळा, जाड कापडाचा, आतून अस्तर लावलेला. मामेभावाने स्वतःच्या लग्नात शिवला होता आणि मी परदेशी जाणार म्हणून मोठ्या मनाने मला दिला होता. आत पूर्ण बाह्यांचा टेरिकॉटचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. खाली नवी कोरी जीन्स, जी गुडघ्यात वाकायला तयार नव्हती. परदेशी जाणारा माणूस कसा दिसतो हे आमच्या गावात कुणालाच नक्की माहीत नव्हतं, पण तो कोटात असतो एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं.

बाबा माझ्या बॅगेशेजारी उभे होते. अंगात मांजरपाटाची जाडीभरडी सुती बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर पंचा. खाडीवरून वारा येत होता. तो बाबांच्या बंडीत शिरायचा, पाठीशी फुगायचा आणि काखेतून बाहेर पडायचा. मी हातभर अंतरावर होतो, पण माझ्यापर्यंत तो पोचत नव्हता.

"कोट काड की जरा," बाबा म्हणाले. "लाँचीत बसलास की घाल परत."

"इस्त्री मोडेल," मी म्हणालो.

पंच्याने त्यांनी माझ्या मानेवरचा घाम पुसला. मग लाँच आली, गर्दीने मला आत ढकललं, आणि वळून पाहिलं तर धक्क्यावरच्या सगळ्या रंगीत माणसांत तेवढी एक मळकट पांढरी बंडी मला लांबपर्यंत ओळखू येत होती. मुंबईत भाऊच्या धक्क्याला उतरेपर्यंत माझा शर्ट पाठीला असा चिकटला होता की तो आणि मी वेगळे राहिलो नव्हतो.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आज मी मस्कतमधल्या एका मॉलमध्ये पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानात काम करतो. उन्हाळी कपड्यांचा विभाग माझ्याकडे आहे. उन्हाळ्यात काय घालावं, कसं घालावं, हे लोकांना सांगून मी पोट भरतो. तुम्ही गाववाले जे आगरदांड्याच्या आतल्या बाजूला डोंगराखाली अजून भात लावता, आणि माझ्यासारखे जे दोहा, दुबई, पनवेल, वाशी असे कुठे कुठे पांगलात, त्या सगळ्यांना हे वाचून हसू येईल. मलाही येतं. बाबांना मी पहिल्यांदा फोनवर कामाचं सांगितलं तेव्हा त्यांनी ते मला दोनदा सांगायला लावलं.

"म्हंजे कापडं कशी घालायची त्ये तू लोकांना सांगतोस?"

"व्हय."

"आनि लोकं ऐकतात?"

"ऐकतात."

"बरं हाय की," ते म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.

पण त्या पहिल्या दिवसाकडे परत जातो. मस्कतच्या विमानतळाचं काचेचं दार सरकलं आणि मी बाहेर पाऊल टाकलं. आपल्याकडे भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजताना वारा एकदम आपल्या बाजूला फिरतो आणि सगळा जाळ तोंडावर येतो, तेव्हा आपण दोन पावलं मागे सरकतो. इथे मागे सरकायला जागा नव्हती. तो जाळ चारी बाजूंनी होता आणि आकाशापर्यंत होता. डोंगर उघडे, करडे, गवताची काडी नाही. माझ्या मनात भीती आली नाही. अचंबा आला. एवढं ऊन जगात आहे आणि त्याखाली एक शहर उभं आहे, गाड्या धावतायत, बायका मुलांना शाळेतून आणतायत, हे मला खरंच वाटेना.

आणि त्या उन्हात पुरुष चालत होते. घोट्यापर्यंतचा पांढराशुभ्र झगा, ज्याला इथे दिशदाशा म्हणतात, आणि डोक्यावर भरतकामाची गोल टोपी. कुणी धावत नव्हतं, कुणी कपाळ पुसत नव्हतं. त्यांच्या अंगाभोवती कापड नुसतं तरंगत होतं. मी कोटात उभा होतो आणि माझ्या बुटात घाम साचला होता. त्या गर्दीत ऊन फक्त मलाच लागत असावं असं मला वाटलं.

सुरुवातीला मला गोदामात ठेवलं. खोक्यातून शर्ट काढायचे, वाफेची इस्त्री मारायची, हँगरला लावायचे. कापडाशी माझी ओळख अशी हाताने झाली. लिनन पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मला ते सदोष वाटलं. खरखरीत, मधेच जाड मधेच बारीक धागा, आणि इस्त्री केली की पाठ फिरवेपर्यंत परत चुरगळलेलं. मी तो शर्ट बाजूला काढून ठेवला. मॅनेजर हसला आणि म्हणाला, हे असंच असतं, हे जवसाच्या झाडाच्या धाग्याचं आहे. जवसाची चटणी करतात एवढं मला ठाऊक होतं. त्याचा शर्टही होतो, आणि तो लोक आवडीने चुरगळलेला घालतात, हे ऐकून मी दिवसभर त्या गठ्ठ्याकडे पाहत होतो.

पुढे मला दुकानात आणलं. तिथे दर आठवड्याला सालेम चाचा यायचे. इथलेच, सत्तरीचे असतील, सरकारी नोकरीतून निवृत्त. विकत क्वचितच काही घ्यायचे, पण एसीत बसायला, कापड चिमटीत धरून पाहायला आणि कुणाशी तरी बोलायला त्यांना आवडायचं. त्यांची हिंदी माझ्यापेक्षा चांगली होती. एकदा मी विचारलं, "चाचा, तुमच्याकडे असे झगे किती?" म्हणाले, कपाट भरून. "आणि सगळे सारखेच?" मी विचारलं. ते जरा दुखावले. मग त्यांनी मला बाही दाखवली. हा सकाळचा, याचं विणकाम दाट. शुक्रवारच्या नमाजाचा वेगळा, त्याच्या गळ्याची शिलाई बारीक. हा दुधासारखा पांढरा, तो तांदळासारखा, आणि एक असा की सावलीत निळसर दिसतो. गळ्याशी एक लहान गोंडा लोंबत होता. तो त्यांनी अत्तरात बुडवलेला होता. मान हलली की वास दरवळायचा. मी थक्क होऊन ऐकत होतो. ज्या गर्दीत मला एकच पांढरा रंग दिसला होता, तिथे त्यांना पंगतीला बसलेल्या घरच्या माणसांसारखे वेगवेगळे पांढरे दिसत होते.

त्याच उन्हाळ्यात मी स्वतःसाठी पहिला लिननचा शर्ट घेतला. बिनकॉलरचा, न रंगवलेला, सैल. शुक्रवारी संध्याकाळी तो घालून समुद्राकडच्या रस्त्यावर चालत होतो. पाण्यावरून वारा आला, शर्टात शिरला, पाठीवरून फिरला आणि काखेतून निघून गेला. मी चालता चालता थांबलो. आमच्या दुकानात काचेच्या कपाटात, पिवळ्या दिव्याखाली जे ठेवलं होतं, ती बाबांची बंडी होती. तीच खरखर, तोच मळकट पांढरा, तोच मोकळा मुंढा, म्हणजे बाही जिथे खांद्याला जोडतात ती जागा. जग फिरून मी तिथेच आलो होतो. मला हसू आलं.

तेव्हापासून जे कुणी विचारतं त्याला मी मनापासून सांगतो, आणि तुम्हालाही सांगतो. रंग नंतर बघा, आधी कापड उजेडाकडे धरा. पलीकडच्या हाताची सावली दिसली तर ते उन्हाळ्याचं कापड. शर्ट छातीला बसतो का यापेक्षा हात वर केल्यावर काखेत ओढतो का ते बघा. लिनन चुरगळलं तर चुरगळू द्या, त्यात लाज नाही, त्याला सारखे हात लावत बसलात तरच ते वाईट दिसतं. आत बनियन घालायचा तर पातळ सुती घाला, घाम तो पितो आणि वरच्या शर्टावर डाग येत नाही. शर्ट बाहेर सोडायचा असेल तर खालची कड सरळ असलेला घ्या, नाहीतर वरात संपवून आल्यासारखे दिसाल. काळी, अंगाला चिकटलेली जीन्स मे महिन्यात आपल्या पोरांनी का घालावी हे मला समजत नाही. फिकट सुती पँट, कमरेला जरा सैल, घोट्याच्या वर संपणारी, इतकी देखणी दिसते की आरशापुढून हलवत नाही. आणि टोपी. आपली माणसं टोपी विसरली ते वाईट झालं.

हे सगळं मी परक्या माणसांना सांगत होतो आणि ते ऐकत होते. घरच्यांना सांगायची वेळ आली ती माझ्या धाकट्या भावाच्या, नितेशच्या लग्नात.

नितेश गावीच राहिला. मुरुडकडे एका रिसॉर्टचं बुकिंग सांभाळतो. मुलगी खाडीपलीकडची, दिघीच्या पुढच्या गावातली, नाव सायली. लग्न तिच्या दारात, मे महिन्यात, दुपारच्या मुहूर्तावर. मोबाईलवरच्या आमच्या घरच्या ग्रुपवर नितेशने पोशाखाचा फोटो टाकला. किरमिजी मखमलीची शेरवानी, गळाबंद, भरतकामाने भरलेली, वर फेटा. पाठोपाठ दुसरा फोटो, घरच्या सगळ्या पुरुषांसाठी तीन तुकड्यांचे सूट. मी त्याला फोन केला. कापड सांगितलं, रंग सांगितले, नवरदेवासाठी फिकट सोनेरी सुती रेशमाचा कुर्ता सुचवला.

"दादा, तू तिकडच्या लोकांना सांग," नितेश म्हणाला. "लग्न एकदाच होतं. मी काय सत्यनारायणाला बसतोय का?"

तरी मी बॅग भरून लिननचे शर्ट घेऊन आलो. अलिबागवरून येताना नागावपासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना होमस्टेच्या पाट्या, नारळाच्या बागांत गाड्या उभ्या. शहरातले लोक अर्ध्या चड्ड्या आणि फुलाफुलांचे सैल शर्ट घालून फिरत होते आणि आपली पोरं त्यांना काळ्या जीन्समध्ये चहा देत होती. घरी पोचलो. आईने पाणी दिलं. बाबा मला आतल्या खोलीत घेऊन गेले आणि कपाट उघडून प्लास्टिकच्या पिशवीतून एक कोट बाहेर काढला. राखाडी रंगाचा, जाड, आतून चकचकीत अस्तर. मुरुडच्या टेलरकडे शिवलेला.

"कसा हाय?"

मी हात लावून पाहिला. शिलाई चांगली होती. "तुम्ही घालणार?"

"तू येनार म्हनून शिवला," बाबा म्हणाले. "मुलगा परदेसात कापडांच्या दुकानात, आनि बाप बंडीत. चार लोकं काय म्हनतील?"

मी बॅग उघडलीच नाही. मी कोट घालून गेलो होतो आणि मांजरपाटात परतलो होतो. तेवढ्या वर्षांत बाबा मांजरपाटातून निघून माझ्यासाठी कोटापर्यंत आले होते. वाटेत आमची भेट झालीच नव्हती. त्यांनी तो कोट घालून दाखवला आणि आरशात स्वतःकडे असं पाहिलं, जसं ओळखीच्या माणसाने नवीन गाडी घेतल्यावर आपण त्या गाडीकडे पाहतो.

लग्नाच्या दिवशी सकाळी वऱ्हाड निघालं. एक सजवलेली गाडी, मागे दोन टेम्पो. आगरदांड्याला पोचलो तर फेरीबोटीसाठी गाड्यांची रांग धक्क्यापासून वरच्या रस्त्यापर्यंत. सुट्टीचे दिवस, सगळे श्रीवर्धन-हरिहरेश्वरकडे निघालेले. मुहूर्ताला वेळ होता, म्हणून कुणी घाबरलं नाही. उलट फोटोग्राफर खूश झाला. मागे खाडी, लांबवर जंजिरा, वर ड्रोन. त्याने नितेशला गाडीतून उतरवलं आणि धक्क्यावर चालायला लावलं. फेटा सावरत चाल, थांब, मागे बघ, हस, परत चाल. ऊन सरळ डोक्यावर आलं होतं. सिमेंटवरून वाफ उठत होती. नितेशने सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं, कारण ती शेरवानी एकदा चढवल्यावर लघवीला जायची सोय नव्हती. हे त्याने नंतर सांगितलं.

मी पाण्याची बाटली घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याचा चेहरा मखमलीच्या रंगाचा झाला होता. कपाळ कोरडं होतं.

"दादा," तो हळू आवाजात म्हणाला, "थंडी वाजते रे."

मे महिन्यात, त्या उन्हात. मस्कतला रस्त्याच्या कामावरचा एक माणूस आमच्या मॉलच्या दारात उष्माघाताने पडण्याआधी हेच म्हणाला होता, म्हणून मला त्या वाक्याचा अर्थ कळला. मी त्याला धरला तेव्हा त्याचे पाय गेलेच होते. मी ओरडलो. बाबा टेम्पोच्या सावलीतून धावत आले. सिमेंट इतकं तापलं होतं की नुसता हात टेकवत नव्हता. बाबांनी एका झटक्यात राखाडी कोट आणि आतला शर्ट काढला आणि दोन्ही खाली अंथरले. त्यावर आम्ही नितेशला निजवला. शेरवानीची बटणं बारीक होती, कापडाच्या गुंडाळीची, आणि माझ्या बोटांतून निसटत होती. बाबांनी गळ्यापाशी दोन्ही हातांनी धरून ओढलं. बटणं धक्क्यावर उडाली.

त्यानंतर जे झालं ते मी अजून आठवतो आणि मला ते अजून पूर्ण समजत नाही. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. पलीकडे माशांचा लिलाव आटोपत आला होता. तिथली एक कोळीण उठली, तिने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि पेटीतला सुरमईवरचा बर्फ दोन्ही हातांनी टोपलीत भरला.

"सरा रं बाजूला," म्हणत ती आत आली आणि तो बर्फ तिने नितेशच्या काखेत आणि मानेखाली लावला. "पोरगा भाजलाय निस्ता." तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली. रांगेतल्या गाडीतून एक बाई उतरल्या, अर्धी चड्डी आणि मोठी टोपी, त्या पुण्याच्या डॉक्टर निघाल्या. त्यांनी नाडी धरली, पायांखाली बॅग ठेवली, ओल्या फडक्याने वारा घालायला सांगितलं. पण तिथे सावली नव्हती. टेम्पो, झाड सगळं लांब होतं आणि नितेशला हलवायला त्या नको म्हणत होत्या.

तेव्हा आईने टेम्पोतली पिशवी उघडली. आत सायलीसाठी घेतलेला शालू होता, हळदीकुंकू लावलेला, घडी न मोडलेला. आईने घडी मोडली. चार बायकांनी चार टोकं धरली आणि हात वर केले. लाल आणि सोनेरी उजेड नितेशच्या तोंडावर, बर्फावर, बाबांच्या उघड्या हातांवर पडला. वाऱ्याने शालू वर उचलला जायचा आणि बायका तो परत खाली ओढायच्या. टोक धरणाऱ्यांतल्या दोघी आमच्या ओळखीच्या नव्हत्या. एकीच्या हातात मोबाईल तसाच होता, गळ्यात उन्हाचा चष्मा. कापडाशी माझा रोजचा संबंध, पण कापड म्हणजे काय ते मला त्या दिवशी त्या शालूखाली गुडघ्यावर बसल्यावर कळलं. माणसाच्या आणि उन्हाच्या मधे दुसऱ्या माणसांनी धरलेली ती एक गोष्ट आहे.

हळूहळू नितेशच्या कपाळावर घाम आला. डॉक्टर बाई म्हणाल्या, "आता बरं आहे." मग त्यांनी त्याला विचारलं, "नाव काय तुमचं?" त्याने सांगितलं. "आज काय आहे?"

"लग्न," नितेश म्हणाला.

"कुणाचं?"

त्याने वर शालूकडे पाहिलं, मग मानेखालच्या बर्फाकडे. "माझंच असावं," तो म्हणाला. तेव्हा आई पहिल्यांदा रडली, आणि कोळणी हसल्या.

रांगेतल्या गाड्या एक एक करून मागे घेतल्या गेल्या. एवढ्या अरुंद धक्क्यावर ते कसं जमलं कोण जाणे. शहरातले लोक, तासन्‌तास उन्हात थांबलेले, पण एकानेही हॉर्न वाजवला नाही. फेरीबोटीने आमच्या गाड्या आधी घेतल्या. बोटीवर मी माझी बॅग उघडली. नितेशच्या अंगात पांढरा लिननचा शर्ट चढवला. बाबा बनियनवर होते. त्यांच्यासाठी आणलेला शर्ट मी पुढे केला. त्यांनी तो घातला, बाहीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ह्यात काय हाय का न्हाय?" मग ते कठड्याशी जाऊन उभे राहिले, आणि त्यांची पाठ वाऱ्याने फुगली.

पलीकडे आधी दवाखाना. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सलाईन लावली आणि सोडलं. दुपारचा मुहूर्त गेला, गुरुजींनी संध्याकाळचा काढून दिला. मांडवाच्या तोंडाशी सायलीचे मामा उभे होते, तीन तुकड्यांच्या काळ्या सुटात, उशिरामुळे तापलेले. साध्या पांढऱ्या शर्टात, ओल्या केसांनी आणि माशांचा वास येत असलेला नवरदेव पाहून ते दोन पावलं पुढे आले. मी झालेलं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी कोट काढला आणि मांडवाच्या खांबाला अडकवला. त्यांच्या शेजारच्याने काढला. मग मागच्या रांगेत खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. एकेक पुरुष उभा राहत होता, बाहीतून हात सोडवत होता आणि सुटल्यासारखा खाली बसत होता. थोड्या वेळात मांडवाचे सगळे खांब कोटांनी भरले. मी आयुष्यात पुष्कळ कपडे विकले, पण एवढ्या माणसांना एकदम हलकं होताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

सायली शालू नेसून बाहेर आली. घडी दिसेनाशी झाली होती आणि एका टोकाला डाग होता. तिने नितेशकडे नीट पाहिलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "फोटोत तरी ओळखू येशील."

दुसऱ्या दिवशी घरी आलो. आईने राखाडी कोट धुऊन अंगणात वाळत घातला होता. बाबा आणि मी पडवीत बसलो होतो.

"वास जात न्हाय त्याचा," ते म्हणाले. आवाजात दुःख नव्हतं.

"कसं वाटत होतं त्यात?" मी विचारलं.

त्यांनी जरा विचार केला. "दुसऱ्याच्या घरात बसल्यासारखं. पाठ टेकायची न्हाय, हात कुटं ठेवायचा म्हाईत न्हाय."

परक्या शहरातल्या माझ्या पहिल्या वर्षांचं याहून खरं वर्णन मला कधी करता आलं नव्हतं, आणि ते त्यांनी एका सकाळी कोट घालून केलं. त्यांना वाटत होतं मी तिकडे सुखात आहे. मी सुखात आहेही. पण पाठ टेकायला मला किती वर्षं लागली हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि शेवटी म्हणाले, "आता टेकतोस ना?"

"टेकतो," मी म्हणालो.

रजा संपली, मी परत आलो. सालेम चाचांना सगळं सांगितलं. शालूच्या भागाशी त्यांनी मला थांबवलं आणि तो परत सांगायला लावला.

तेव्हापासून घरच्या फोनात एक बदल झाला आहे. आधी बाबा जेवलास का एवढंच विचारायचे. आता त्याच्याआधी विचारतात, "आज काय घातलंस?" मी सांगतो. ते त्यांचं सांगतात. कधी म्हणतात, नितेश काळी पँट घालून गेला रिसॉर्टवर, ऐकत न्हाय. कधी सायली फोन ओढून घेते आणि सांगते की बाबांनी तुमचा शर्ट राब भाजताना घातला आणि ठिणगीने भोक पडलं. मी म्हणतो, पडू दे.

परवा दुपारी दुकानात होतो. बाहेर ऊन असं की काचेला हात लावता येत नव्हता. एक गिऱ्हाईक दोन शर्टांमध्ये अडकलं होतं आणि मी त्याच्यासमोर उभा होतो. बाबांचा फोन आला. मी त्या माणसाची माफी मागून बाजूला झालो.

"आज काय घातलंस?"

"निळा. पातळ. बाह्या दुमडल्यात."

"उकडतं का?"

"लय उकडतं, बाबा."

"थांब," ते म्हणाले. "हितं आत्ता वारं सुटलंय."

आणि त्यांनी फोन कानापासून काढून अंगणात हात लांब करून धरला असावा, कारण नंतर त्यांचा आवाज आला नाही. नुसता वारा येत होता, खरखरत, मधेच तुटत, माडाच्या झावळ्यांवरून. मी मॉलमध्ये, हँगरला लावलेल्या शर्टांच्या मधे, फोन कानाला दाबून उभा होतो. घर कुठे आहे असं मला कुणी विचारलं तर मी गावाचं नाव सांगतो, तालुका सांगतो. पण माझ्यासाठी घर आता तो लांब केलेला हात आहे. गिऱ्हाईक माझ्याकडे पाहत थांबलं होतं. मी त्याला हाताने खूण केली, जरा वेळ, आणि ऐकत राहिलो.